जुन्या कॅसेटमधलं हिंदी डबिंग नव्या प्रिंटवर कसं बसवायचं

नवी प्रिंट लावली, चित्र चकाचक, आणि हिंदी ऑडिओ सुरू केला तर भलताच माणूस बोलायला लागला. ज्यांनी लहानपणी डब सिनेमे कॅसेटवर, व्हीसीडीवर बघितलेत त्यांना हे एकदा तरी झालंय. इंग्रजी सिनेमांच्या हिंदी डबिंगची लाट १९९४ ला ज्युरासिक पार्क हिंदीत आला तिथून जोरात सुरू झाली, साऊथचे सिनेमे तर त्याच्या आधीपासून डब होऊन येत होते. थिएटरसाठी एक डबिंग, मग टीव्ही चॅनेलसाठी दुसरं, आणि डिस्क काढताना तिसरंच, असं बऱ्याच सिनेमांचं झालंय. त्यात पहिल्या डबिंगला बोलणाऱ्या लोकांची नावं पडद्यावर सहसा यायची नाहीत, कारण टायटल बऱ्याचदा ओरिजिनल भाषेतलीच राहायची. म्हणजे तो आवाज कुठल्यातरी माळ्यावरच्या कॅसेटमध्येच उरलाय.

आमच्या सोलापुरात हे जास्तच लागतं मनाला. पूर्व भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी, मागच्या गल्लीत कन्नड, आणि रात्री सगळ्यांनी मिळून एका टीव्हीसमोर बसून बघायचा तो हिंदी डब सिनेमा. आज्जी तेलुगू ओरिजिनल थिएटरला बघून आलेली असायची, ती आधीच पुढची गोष्ट सांगून टाकायची, आणि आम्ही पोरं हिंदी डायलॉग पाठ करायचो. मामाचं कॅसेट भाड्यानं द्यायचं छोटं दुकान होतं, बंद केलं तेव्हा ३ खोकी घरी आली, मी शिकले ती त्या खोक्यांवरच. जे जमलं आणि जे बिघडलं त्यातून सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे आधी आवाज वाचवा. लोक उलटं करतात, कॅसेटचं चित्र कसं शार्प होईल यात महिना घालवतात. चित्र उद्या कोणतरी ४के मध्ये काढेल, तो आवाज मात्र कुणी परत काढणार नाहीये. तरी रेकॉर्ड करताना चित्रपण सोबत घ्या, कितीही खराब असू दे, कारण पुढं कुठला सीन कुठं कापलाय हे कळायला तेच लागतं.

कॅसेट हातात घेतली की लगेच मशीनमध्ये घालायची नाही. पुढची झडप उघडा (बाजूला एक छोटं बटण असतं, ते दाबलं की झडप वर होते) आणि टेपची कड उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली की बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, बाकी सगळं झाल्यावर बघू. सोलापूरची हवा कोरडी असल्यानं आपल्याकडं बुरशी कोकणाएवढी नसते पण आपला प्रॉब्लेम वेगळा आहे, पत्र्याचं घर आणि पत्र्याखालचा माळा. मे महिन्यात बाहेरच ४३-४४ असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यानं टेप लाटेसारखी होते, कडा वाकतात, आणि व्हीएचएसचा (घरोघरची व्हिडिओ कॅसेट ती हीच) साधा आवाज नेमका कडेलाच असतो. कॅसेट आजच माळ्यावरून खाली आणा, कपाटात उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या, आणि टीव्ही, स्पीकरपासून लांब.

खूप वर्षं न चाललेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या, मग प्ले करा. टेप चिकटून बसलेली असेल तर मोकळी होते आणि ताण सारखा होतो.

आता व्हीसीआर. नवीन मिळत नाही, जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी, तिनंपण २०१६ च्या जुलैत बनवणं बंद केलं. जुना घ्यायचा, तोपण आपलीच कॅसेट त्यात चालवून बघून. आमच्याकडं अजून एक भानगड म्हणजे तुसं. ज्या घरात माग होते किंवा शेजारी कारखाना होता तिथला व्हीसीआर उघडला की आत कापसाचा थर असतो. मामाच्या मशीनमध्ये ड्रमच्या खाली बोटभर गादी निघाली होती, पांढरी आणि मधेमधे लाल, चादरीच्या सुताची. वायर काढून ठेवा, मऊ ब्रशनं तुसं काढा, फुंकर मारू नका, थुंकी उडते. मधला फिरणारा चकचकीत ड्रम आहे त्यावर व्हिडिओ हेड असतात, केसाएवढी नाजूक. त्याला कानात घालायची कापसाची काडी अजिबात लावायची नाही. साधा कोरा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसता टेकवून धरायचा आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून फिरवायचा, कागद हलवायचा नाही, वर-खाली तर नाहीच नाही. ड्रमच्या उजव्या बाजूला जे न फिरणारं हेड आहे ते आवाजाचं, ते मात्र कापसाच्या काडीनं पुसलं तरी चालतं, आणि खरं सांगते, निम्म्या लोकांची "आवाज दबलाय" ही तक्रार या एका पुसण्यानं जाते.

तरी आवाज घोंगडी पांघरून बोलल्यासारखा येत असेल तर दुसऱ्या व्हीसीआरमध्ये लावून बघा. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याचं हेड जरा तिरकं असेल तर दुसऱ्या मशीनला वरच्या पट्टीतलं सगळं गायब होतं. स्क्रू फिरवून ते जुळवता येतं पण ते माहितगार माणसाकडूनच करून घ्या. आणि व्हीसीआरला हायफाय आणि नॉर्मल असा ऑडिओचा स्विच असेल तर दोन्हीवर ऐका. हायफाय आवाज फिरत्या ड्रमवरून येतो, फार सुंदर असतो, पण टेप घासलेली असेल तर भर्रर्र असा आवाज मधेमधे येतो. तसं झालं तर नॉर्मल घ्या. नॉर्मलला १० हजार हर्ट्झच्या आसपास आवाज संपतो, पण माणसाचं बोलणं त्यात नीट मावतं.

वायर साधी आहे. व्हीसीआरच्या मागची पिवळी चित्राची, पांढरी-लाल आवाजाची, ती यूएसबी कॅप्चरच्या डोंगलमध्ये आणि डोंगल लॅपटॉपला. ओबीएस स्टुडिओ फुकट आहे, त्यात रेकॉर्ड होतं. नुसता आवाज वेगळा घेणार असाल तर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, ते मोनो असतं आणि आवाज फाटतो, लाइन-इन असलेलं यूएसबी साऊंड कार्ड घ्या. ४८ हजार हर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाइल, सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील एवढंच. तासाला साधारण ७०० एमबी होतं, म्हणजे काहीच नाही आजच्या काळात. एमपी३ करू नका, निदान पहिली कॉपी तरी. एक बारीक गोष्ट, लॅपटॉप चार्जरला असला की हम्म्म असा आवाज मिसळतो, चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. लाईट गेली तर व्हीसीआर बंद पडतो आणि टेप आत अडकते, म्हणून मी रात्री ११ नंतर करते, लाईट तेव्हा जरा टिकून असते आणि घरपण शांत असतं.

काही विकतच्या कॅसेटवर कॉपी प्रोटेक्शन असतं, त्यात चित्र सारखं उजळ-अंधारं होत राहतं. घाबरू नका, त्याचा आवाजाशी संबंध नसतो.

बाहेर दुकानात देऊन करून घ्यायचं का? मी एकदा दिली होती एका दुकानात, २ कॅसेट. परत आली ती डीव्हीडी, कोपऱ्यात त्यांचा लोगो, आवाज एकाच बाजूनं, आणि सुरुवातीची ६-७ मिनिटं नाहीतच, कारण त्यांना वाटलं जाहिराती आहेत. त्यातच डबिंगचा आवाज पहिल्यांदा येतो, गोष्ट सांगणारा, तो गेला. कॅसेट परत मिळाली म्हणून वाचले. द्यायचीच असेल तर लिहून द्या, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, काही कापू नका, आणि परत घेताना कॉपी तिथंच चालवून बघा.

व्हीसीडीचं काम त्यामानानं सोपं. आवाज आधीच डिजिटल आहे, २२४ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ, चित्र ३५२ बाय २८८ म्हणजे आत्ताच्या फोनवर तिकिटाएवढं, पण आपल्याला चित्र नकोच आहे. डिस्क आतून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. उजेडासमोर धरा, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर वरचा थर गेलाय, तेवढे भाग येणार नाहीत. एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यात डीएटी फाइल. नुसतं कॉपी-पेस्ट केलं की बऱ्याचदा अर्ध्यात एरर येऊन थांबतं, कारण व्हीसीडीवर चित्राच्या भागाला साध्या सीडीसारखी चूक दुरुस्त करायची सोय नसते, एक ओरखडा आला की कॉम्प्युटर हात वर करतो. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर खराब जागा ओलांडून पुढचं काढून देतं. ड्राइव्ह बदलून बघा, एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसऱ्याला वाचते, हे मी कितीदा बघितलंय.

आता खरी मजा, सिंक, म्हणजे आवाज चित्राशी जुळवणं. इथं येऊन लोक सोडून देतात. सुरुवात बरोबर जुळवतात आणि अर्ध्या तासानं आवाज मिनिटभर पुढं गेलेला असतो. कारण सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं शूट होतो आणि आपला टीव्ही, कॅसेट, व्हीसीडी पाल (PAL) नावाच्या सिस्टिमची, सेकंदाला २५ फ्रेम. मग टेपवर घेताना सिनेमा सरळ थोडा जोरात पळवायचे. २ तासांचा सिनेमा १ तास ५५ मिनिटं १२ सेकंदात संपतो. नव्या प्रिंटची ब्ल्यू-रे डिस्क मात्र बहुतेक सेकंदाला २३.९७६ फ्रेमनं चालते. म्हणून आपल्या आवाजाचा स्पीड परत कमी करायला लागतो.

पण डोळे झाकून करू नका, कारण काही कॅसेटी दुसऱ्या सिस्टिमच्या मास्टरवरून आलेल्या असतात, त्या पळवलेल्या नसतात. मोजा. जुन्या आवाजात सुरुवातीचा एक ठळक ठोका घ्या आणि शेवटाकडचा एक. समजा कॅसेटमध्ये दार आपटतं २ मिनिटं १० सेकंदाला आणि शेवटची गोळी १ तास ५० मिनिटं १० सेकंदाला, अंतर ६४८० सेकंद. नव्या प्रिंटमध्ये तेच दोन ठोके ३:०५ आणि १:५५:४१.८ ला, अंतर ६७५६.८. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, ०.९५९ आलं म्हणजे पळवलेलंच आहे. ऑडॅसिटी उघडा (तेपण फुकट), सगळं सिलेक्ट करा, चेंज स्पीड अँड पिच, जुन्या व्हर्जनला नुसतं चेंज स्पीड, तिथं उणे ४.०९६ टक्के. भागाकार १ च्या अगदी जवळ आला तर स्पीडला हात लावू नका. व्हीसीडी असेल तर हे मोजमाप एकाच डिस्कच्या आत करा, दोन डिस्कच्या सांध्यावर थोडं काहीतरी गेलेलंच असतं.

आणि इथं एक गोष्ट सांगायचीच आहे. पळवलेल्या सिनेमात माणसाचा आवाजपण पेटीवरच्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून, दोन लगतच्या पट्ट्यांत जेवढं अंतर त्याच्या पाऊणभर, वर चढलेला असतो. मी पहिल्यांदा स्पीड कमी करून ऐकलं तेव्हा बसूनच राहिले. लहानपणापासून माझ्या डोक्यात जो व्हिलन होता तो पातळ, चिरका बोलायचा, आणि इथं भारदस्त, छातीतून बोलणारा माणूस निघाला. तो माइकसमोर उभा राहून असाच बोलला होता, आपण ऐकलं ते पळवलेलं. पातळ आवाजाची सवय झालेल्यांना हे खटकतं, मलाही २ दिवस खटकलं, पण माझं मत पक्कं आहे, हळू केलेलंच ठेवायचं, ते त्या माणसाचं खरं काम आहे. फक्त खात्री करा, कारण काही ठिकाणी पळवताना सूर खाली आणून ठेवलेला असतो. एखादा लांब वाजलेला व्हायोलिन किंवा हॉर्न घ्या, ओरिजिनल ट्रॅकच्या त्याच जागेशी सूर मिळवा. मिळाला तर झालं.

ओठांवरून सिंक करायचा प्रयत्न करू नका. डबिंग ओठांवर कधीच पूर्ण बसत नाही, तुम्ही हलवत बसाल आणि एक वाक्य जुळलं की दुसरं सुटेल. डबिंग करताना बोलणं बदलतात, पण म्युझिक आणि इफेक्टचा ट्रॅक सहसा ओरिजिनलचाच येतो, त्याला डबिंगवाले एम अँड ई म्हणतात. म्हणजे दाराचा आवाज, गाडीचं ब्रेक, फोनची रिंग, काच फुटणं हे हिंदीतही तेच आणि इंग्रजी किंवा तेलुगूतही तेच. ऑडॅसिटीत वर ओरिजिनल ट्रॅक, खाली आपला जुना, आणि झूम करून बघा, काच फुटते तिथं दोन्हीकडं सारखाच उंच काटा दिसतो. काट्यावर काटा ठेवायचा. साऊथच्या जुन्या डबिंगमध्ये कधीकधी इफेक्टपण नव्यानं केलेले असतात, घोड्यांच्या टापा वेगळ्या, पैंजण वेगळं, तिथं ठोके सोडून म्युझिकचा धागा धरा.

एकदा जुळलं म्हणून शेवटपर्यंत जुळेल असं नाही. कॅसेटचा स्पीड मशीनमध्ये थोडा डगमगतो, म्हणून दर १०-१५ मिनिटांनी एक ठोका बघायचा आणि शांत जागी कापून ट्रॅक इकडं-तिकडं सरकवायचा. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, दोन फ्रेमपर्यंत कानाला खटकत नाही, त्याच्या मागं लागू नका. अचानक अर्ध्या-एक सेकंदानं उडी बसली तर तो ज्या फिल्मवरून कॅसेट काढली तिच्या रिळाचा सांधा. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, २००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं, आणि प्रत्येक रिळाच्या टोकाला प्रोजेक्टरनं चावून चावून थोड्या फ्रेम गेलेल्या असतात. तुमच्या कॅसेटमध्ये २०-२२ मिनिटांच्या हिशेबानं उड्या बसत असतील तर कारण हेच.

मोठी भगदाडं वेगळी. सेन्सॉरनं कापलेलं, चॅनेलनं जाहिरातीसाठी कापलेलं, लायब्ररीवाल्यानं कॅसेटमध्ये मावावं म्हणून कापलेलं. तिथं ओरिजिनल भाषेचा आवाज घालायचा आणि सबटायटल द्यायचं. नव्या डबिंगचे तुकडे मधे घालू नका, एकाच माणसाला दोन आवाज आले की सीनच मरतो. जोडताना मागचं म्युझिक दोन्हीकडं सारख्या आवाजात आणा आणि ३०-४० मिलिसेकंदाचा क्रॉसफेड द्या (एक आवाज विरत जातो तसा दुसरा चढतो), म्हणजे टक् असा आवाज येत नाही.

खरखर काढायच्या बाबतीत हात आखडता ठेवा. ५० हर्ट्झचा हम आणि त्याच्या पटीतले १००, १५० तेवढे नॉच फिल्टरनं (नेमकी तेवढीच पट्टी कापणारा) काढा. नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या वर गेलं की माणूस पाण्याखाली बोलल्यासारखा वाटतो. टेपची सळसळ राहू दे थोडी.

माझ्याकडं एक साधी ऑडिओ कॅसेटपण आहे, टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर ठेवून भरलेली, तेव्हा व्हीसीआर भाड्यानं आणायचे आणि परत द्यायचा असायचा म्हणून. त्यात सिनेमा आहे आणि मागं सतत मागाचा खटाक-खटाक, मधेच कुणीतरी आज्जीला तेलुगूत पाणी मागतंय. त्या सिनेमाचं ते डबिंग मला दुसरीकडं कुठंच सापडलं नाही. मागाचा आवाज पुसायचा प्रयत्न केला, त्याबरोबर बोलणंपण गेलं. तशी कॅसेट तुमच्याकडं असेल तर दोन कॉपी ठेवा, एक जशीच्या तशी, हात न लावलेली, आणि दुसरी साफ केलेली.

सगळं झाल्यावर एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या घरच्या कॉपीला हा ऑडिओ जोडा, भाषा हिंदी टाका, तो डीफॉल्ट करा, थोडं मागं-पुढं असेल तर डिलेच्या रकान्यात मिलिसेकंद टाका, चित्र परत एन्कोड होत नाही. आधी व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरची जे (J) आणि के (K) ही बटणं दाबून किती डिले लागतो ते बघून घ्या, एका दाबण्याला ५० मिलिसेकंद सरकतं. एवढं करायचं नसेल तर टीव्हीवर डिस्क लावून म्यूट करा आणि आवाज लॅपटॉपवरून एकाच वेळी सुरू करा, आमच्याकडं बऱ्याचदा असंच बघतात. हे घरात बघण्यापुरतं, यूट्यूबवर टाकायला नाही, सिनेमाचे हक्क कुणाचे तरी आहेत. मूळ डब्ल्यूएव्ही दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात सिनेमा, कॅसेट की व्हीसीडी, आणि स्पीड बदललाय की नाही एवढं लिहा, २ वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही.

आणि शेवटी ज्यानं तो सिनेमा तेव्हा बघितलाय अशा माणसाला शेजारी बसवून पूर्ण बघा, वही घेऊन. मी मामाला बसवते. मागच्या दिवाळीत असंच बघत होतो, मी ३ आठवडे घासून जुळवलेलं, आणि पाऊण तासानं मामा म्हणाले, "थांब, इथं तो दारात वळून काहीतरी बोलतो." मी म्हटलं नाही बोलत, बघा, तोंड बंद आहे. "तोंड बंदच असतं गं, पाठ आहे त्याची. डबिंगवाल्यानं घातलेलं वाक्य आहे ते." दुसऱ्या दिवशी मूळ रेकॉर्डिंग परत ऐकलं. वाक्य होतं, मीच तिथं सिंकसाठी शांत जागा समजून कापलेलं, त्यामुळं आता कापायच्या आधी दोन्ही बाजूचे ५ सेकंद हेडफोन लावून ऐकते, आणि तुम्हीपण ऐका.